कृष्णद्रव्याचे प्रभामंडल गोल की चपटे? दीर्घिकेच्या गतीवरून आकार ओळखण्याची रीत

कृष्णद्रव्यावरचा कुठलाही लेख उघडा, त्यात सपाट परिभ्रमण आलेख असतोच. केंद्रापासून दूर गेलो तरी ताऱ्यांचा आणि वायूचा वेग कमी होत नाही, म्हणून तिथे न दिसणारे वस्तुमान आहे, इथवर सगळे ओळखीचे. पण ते वस्तुमान दीर्घिकेभोवती कसे पसरले आहे? चेंडूसारखे गोल, तबकडीच्या दिशेने दाबलेले, की तबकडीला काटकोनात लांबट? या प्रश्नाचे उत्तर परिभ्रमण आलेखात नाही. तो किती वस्तुमान आहे ते सांगतो आणि आकाराबद्दल गप्प बसतो. आकार हवा असेल तर तबकडीच्या प्रतलाबाहेर काय हलते आहे ते पाहावे लागते. या लेखाचा सगळा भर त्यावर आहे.

भौतिकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे गणित येणाऱ्या कोणालाही पुढच्या पायऱ्या करून पाहता येतील. साधा लॅपटॉप, पायथन आणि थोडी चिकाटी पुरे. माहिती फुकट उपलब्ध आहे.

दीर्घिकेभोवतीच्या कृष्णद्रव्याच्या या वेढ्याला प्रभामंडल म्हणतात. एक गोष्ट आधीच वेगळी करून घेऊ. ‘प्रभामंडलाचा आकार’ हे शब्द दोन अर्थांनी वापरले जातात. पहिला अर्थ घनतेच्या उताराचा: केंद्राकडे जाताना घनता चढतच जाते, की एका गाभ्यात येऊन स्थिर होते? दुसरा अर्थ भूमितीचा: समान घनतेचे पृष्ठभाग गोल आहेत की लंबगोल? भूमितीसाठी तीन अक्षांची गुणोत्तरे लागतात. दोन अक्ष सारखे आणि तिसरा आखूड असेल तर प्रभामंडल पेढ्यासारखे दाबलेले. तिसरा अक्ष लांब असेल तर लांबट. तिन्ही वेगळे असतील तर त्रिअक्षीय. उभ्या अक्षाचे आडव्या अक्षाशी जे गुणोत्तर, त्याला आपण इथे ‘क्यू’ म्हणू. क्यू १ म्हणजे गोल, १ पेक्षा कमी म्हणजे चपटे, जास्त म्हणजे लांबट.

पायरी १ : आधी वस्तुमानाचा हिशेब जुळवा

सुरुवातीला सप्तर्षी तारकासमूहातली एनजीसी ३१९८ घ्या. १९८५ मध्ये व्हॅन अल्बाडा, बाकॉल, बेगमन आणि सँचिसी यांनी तिच्या हायड्रोजन वायूच्या वेगांवरून कृष्णद्रव्याचा हिशेब मांडला, तेव्हापासून ती या विषयातली पाठ्यपुस्तकी दीर्घिका झाली. तिचा परिभ्रमण आलेख सेकंदाला सुमारे १५० किलोमीटरवर सपाट होतो आणि मोजमापाच्या टोकापर्यंत सपाटच राहतो.

हा आलेख ‘स्पार्क’ या खुल्या संग्रहात मिळतो. लेली, मॅकगॉ आणि शॉम्बर्ट यांनी २०१६ मध्ये १७५ दीर्घिकांची माहिती त्यात एकत्र केली. प्रत्येक दीर्घिकेच्या फाइलीत त्रिज्या, मोजलेला वेग, त्याची त्रुटी, आणि वायू, तबकडी व मध्यफुगा (केंद्रातला ताऱ्यांचा फुगीर भाग) यांचे वेगातले वेगवेगळे वाटे दिलेले असतात. ताऱ्यांचा प्रकाश स्पिट्झर दुर्बिणीने ३.६ मायक्रॉन तरंगलांबीवर मोजलेला आहे. या अवरक्त प्रकाशात तरुण निळ्या ताऱ्यांची चमक फारशी दिशाभूल करत नाही, त्यामुळे प्रकाशावरून वस्तुमान काढणे बरेच सुरक्षित ठरते.

हिशेब वेगांचा नाही, वेगांच्या वर्गांचा करायचा. मोजलेल्या वेगाच्या वर्गातून वायूचा वर्ग वजा करा, मग तबकडीचा वर्ग वस्तुमान-प्रकाश गुणोत्तराने (एकक प्रकाशामागे किती वस्तुमान, त्याने) गुणून वजा करा. मध्यफुगा असेल तर त्याचाही करा. उरतो तो प्रभामंडलाच्या वेगाचा वर्ग. वस्तुमान-प्रकाश गुणोत्तर तबकडीसाठी ०.५ आणि मध्यफुग्यासाठी ०.७ धरून सुरुवात करा, नंतर ते थोडे वर-खाली करून उत्तर किती हलते ते बघा. वायूच्या स्तंभात मधूनच उणे आकडे दिसतील. ती छपाईची चूक समजू नका. वायूची घनता मध्यभागी कमी असेल तर बाहेरचे वलय आतल्या कणाला बाहेर ओढते, आणि तो वाटा उणे चिन्हासहच जोडावा लागतो.

आता ढोबळ पडताळा घ्या. गोल प्रभामंडलात, त्रिज्येच्या आतले वस्तुमान म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्व स्थिरांक. वेग किमी/सेकंद, अंतर किलोपार्सेक (एक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षे) आणि वस्तुमान सूर्याच्या पटीत मोजले तर हा स्थिरांक ०.०००००४३० येतो. वेग १५० आणि त्रिज्या ४४ किलोपार्सेक घातली की सुमारे २३,००० कोटी सौरवस्तुमाने मिळतात. १९८५ च्या शोधनिबंधात याच दीर्घिकेचा शेवटचा बिंदू ३० किलोपार्सेकवर होता. तेव्हा तिचे अंतर ९.२ मेगापार्सेक धरले होते, आज १३.८ धरतात. आकाशातला कोन तोच, पण अंतर वाढले की त्रिज्या वाढते आणि तिच्याबरोबर वस्तुमानही. म्हणून दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी दोघांनी अंतर काय धरले आहे ते पाहायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पायरी २ : आतला उतार तपासा, पण वायूच्या धांदलीला विसरू नका

पहिल्या अर्थाच्या आकारासाठी एक सोपी कसोटी आहे. नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांनी १९९६-९७ मध्ये सिम्युलेशनमधून जो घनतेचा आराखडा काढला, त्यात केंद्राजवळ घनता त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात चढते. अशा प्रभामंडलात त्रिज्या दुप्पट केली की वेग १.४ पट होतो. गाभा असलेल्या प्रभामंडलात घनता आत स्थिर, त्यामुळे त्रिज्या दुप्पट तर वेगही दुप्पट. पायरी १ मध्ये उरलेल्या वेगाचे आतले चार-पाच बिंदू घ्या, दोन्ही अक्ष लॉगमध्ये ठेवून रेघ काढा. उतार अर्ध्याच्या आसपास येतो की एकच्या, ते डोळ्यांनीच कळते.

ही कसोटी मोठ्या सर्पिल दीर्घिकांवर फारशी चालत नाही, कारण त्यांच्या मध्यभागी ताऱ्यांचेच राज्य असते. ती चालते बटु, म्हणजे छोट्या दीर्घिकांवर, आणि इथे आपल्या जुन्नर तालुक्याचा थेट संबंध येतो. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. त्यांतल्या १४ अँटेना मध्यभागी दाटीने आहेत, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दाट मध्यामुळे विरळ पसरलेला वायू दिसतो आणि लांब भुजांमुळे बारकावे दिसतात. अंधुक बटु दीर्घिकांमधल्या २१ सेंटिमीटरच्या हायड्रोजन रेषेसाठी ही जोडी फार उपयोगाची.

याच दुर्बिणीने बेगम, चेंगलूर आणि हॉप यांनी कॅमेलोपार्डालिस बी या अतिशय अंधुक दीर्घिकेचा अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. तिथे परिभ्रमणाचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर, आणि वायूच्या यादृच्छिक हालचालीचा वेगही सुमारे ७ किलोमीटर! अशा ठिकाणी मोजलेला वेग थेट सूत्रात घातला तर वस्तुमान चुकते. वायू स्वतःच्या दाबाने अंशतः तोलला गेलेला असतो, म्हणून त्याला कमी वेगाने फिरले तरी चालते. मोजलेल्या वेगाच्या वर्गात दाबाच्या उताराचा वाटा मिळवूनच खरा वर्तुळाकार वेग मिळतो. ही दुरुस्ती केल्यावर गाभा असलेले प्रभामंडल मोजमापांशी छान जुळले, केंद्राकडे चढत जाणारे जुळले नाही.

परिभ्रमणाचा वेग यादृच्छिक वेगाच्या चौपटीहून कमी असेल तर ही दुरुस्ती टाळू नका, हा माझा नियम. दुसरी काळजी दुर्बिणीच्या रिझोल्यूशनची. अंधुक दृष्टीने केंद्राजवळचे चढ-उतार एकमेकांत मिसळतात आणि तीव्र चढाचा आलेखही गाभ्यासारखा दिसू लागतो. त्यामुळे सपाट नकाशावरून वेग काढण्यापेक्षा संपूर्ण त्रिमितीय घनावर (आकाशातल्या दोन दिशा आणि तिसरा वेग) प्रतिकृती बसवणारे साधन वापरा. दी तेओदोरो आणि फ्रातेर्नाली यांचे ‘थ्रीडी-बरोलो’ त्यासाठीच आहे.

पायरी ३ : परिभ्रमण आलेख आकाराला आंधळा का, ते कागदावर पाहा

ही पायरी हाताने करा. संगणक लावू नका.

चपट्या प्रभामंडलासाठी सर्वांत सोपे गुरुत्वीय विभव (पोटेन्शियल) लॉगरिदमचे आहे (इथला क्यू विभवाचा, घनतेशी त्याचे नाते पुढे येते): सपाट वेगाच्या वर्गाचा निम्मा गुणिले (गाभ्याच्या त्रिज्येचा वर्ग + आडव्या अंतराचा वर्ग + उभ्या अंतराचा वर्ग भागिले क्यूचा वर्ग) या बेरजेचा लॉगरिदम. आता आडव्या अंतराच्या सापेक्ष विकलन करा आणि उभे अंतर शून्य ठेवा. क्यू गायब! तबकडीच्या प्रतलातला वर्तुळाकार वेग क्यू ०.८ असो, १ असो वा १.२, तंतोतंत तोच. म्हणजे सगळे परिभ्रमण आलेख अचूक मोजले तरी गोल आणि चपट्या प्रभामंडलात फरक करता येणार नाही. पायरी १ मधले २३,००० कोटीही प्रभामंडल गोल आहे असे मानून आलेले होते.

आता उभ्या अंतराच्या सापेक्ष विकलन करा. क्यू लगेच परत येतो. तबकडीच्या किंचित वर गेलेला तारा वर-खाली हेलकावे घेतो, त्या हेलकाव्याची वारंवारता ही परिभ्रमणाच्या वारंवारतेच्या एक भागिले क्यू पट निघते. गोल प्रभामंडलात दोन्ही समान, म्हणून कक्षा एकाच झुकलेल्या प्रतलात बंद होते. क्यू ०.९ असेल तर हेलकावा ११ टक्के जलद, आणि कक्षेचे प्रतल हळूहळू मागे सरकत जाते. पृथ्वीच्या अक्षाच्या संदर्भात आपण ज्याला परांचन म्हणतो, तीच ही गती.

आकडे घालून पाहू. सपाट वेग सेकंदाला २२० किलोमीटर. १० किलोपार्सेकवर एक फेरी सुमारे २८ कोटी वर्षांची, ३० किलोपार्सेकवर ८४ कोटी वर्षांची. क्यू ०.९ असताना प्रतलाचे पूर्ण परांचन होण्यास १० किलोपार्सेकवर सुमारे २५० कोटी वर्षे लागतात, ३० किलोपार्सेकवर ७५० कोटी. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे. आतल्या भागाची प्रतले पाच-साडेपाच वेळा पूर्ण फिरून येतात, बाहेरची पुरती दोनदाही नाही. या फरकातूनच झुकलेली वायूची वलये एकमेकांपासून सुटी होतात, तबकड्या वाकतात, आणि तारकाप्रवाह (तुटलेल्या बटु दीर्घिकांच्या वा गुच्छांच्या ताऱ्यांच्या लांब रांगा) प्रतलातून निसटतात. लांबट प्रभामंडलात परांचनाची दिशा उलटी, परिभ्रमणाच्याच बाजूला.

आपल्या आकाशगंगेची तबकडीही कडेला वाकलेली आहे. वेगवेगळ्या वयाच्या सेफीड ताऱ्यांवरून (तेज ठरावीक काळाने बदलणारे, म्हणून अंतर मोजता येणारे तारे) ही वाकण काळानुसार कशी सरकली ते २०२४ मध्ये काढण्यात आले: ती मागे सरकते आहे, दर किलोपार्सेकला सेकंदाला सुमारे २.१ किलोमीटर या कोनीय वेगाने. त्यावरून विभवाचा क्यू ०.८४ ते ०.९६ च्या दरम्यान येतो, म्हणजे किंचित चपटा. आपल्या साध्या सूत्रात क्यू ०.९ आणि त्रिज्या १५ किलोपार्सेक घाला, सुमारे १.६ मिळेल. तबकडीचे स्वतःचे गुरुत्व आपण धरलेले नसतानाही आकडा त्याच घरात येतो. हाताने केलेले गणित प्रत्यक्ष आकाशाच्या इतके जवळ येते तेव्हा विषय आपलासा वाटू लागतो.

विभवाचा चपटेपणा आणि घनतेचा चपटेपणा

इथे थोडे थांबतो, कारण नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. गुरुत्व दूरवरच्या वस्तुमानाची सरासरी काढते, म्हणून विभव नेहमी घनतेपेक्षा गोल दिसते. ढोबळ नियम असा की घनतेचा चपटेपणा विभवाच्या चपटेपणाच्या सुमारे तिप्पट. आपल्या लॉगरिदमच्या विभवात क्यू ०.९ ठेवले तर दूरवर घनतेचे गुणोत्तर ०.७१ येते, आणि ०.८५ ठेवले तर ०.५७. क्यू ०.७०७ च्या खाली नेले तर उभ्या अक्षावर घनता चक्क ऋण होते, म्हणजे ते प्रभामंडल अस्तित्वातच असू शकत नाही.

म्हणून एखाद्याने ०.९ लिहिले आणि दुसऱ्याने ०.७, तर ते भांडत आहेत असे समजू नका, कदाचित दोघे एकच गोष्ट सांगत असतील. जो बोव्ही यांच्या ‘गॅलपाय’ या पायथन पॅकेजमध्येही हा सापळा आहे. त्यातल्या लॉगरिदमिक प्रभामंडलाचा चपटेपणा विभवाचा आहे, तर त्रिअक्षीय नवारो-फ्रेंक-व्हाइट प्रभामंडलाचा घनतेचा. दोन्हींत ०.८ भरून तुलना केली तर निष्कर्ष सरळ चुकतो. शिवाय त्या पॅकेजमधली आकाशगंगेची तयार प्रतिकृती प्रभामंडल गोलच धरते. आकाराचा प्रश्न विचारायचा असेल तर तो घटक काढून तिथे त्रिअक्षीय घटक स्वतः बसवावा लागतो.

पायरी ४ : वायूच्या थराची जाडी मोजा

कडेने दिसणाऱ्या दीर्घिकेत हायड्रोजनचा थर केंद्राजवळ पातळ असतो आणि बाहेर फुलत जातो. वायूची यादृच्छिक हालचाल त्याला वर-खाली पसरवू पाहते आणि उभ्या दिशेचे गुरुत्व त्याला प्रतलाकडे दाबते. प्रभामंडल चपटे असेल तर प्रतलाजवळ जास्त वस्तुमान, जास्त दाब, आणि थर पातळ.

तबकडीचे गुरुत्व क्षीण झालेल्या बाहेरच्या भागात जाडी साधारणपणे (वेग-विखुरण × क्यू × त्रिज्या ÷ सपाट वेग) इतकी येते. विखुरण (वायूच्या यादृच्छिक हालचालीचा वेग) सेकंदाला ८ किलोमीटर, त्रिज्या २० किलोपार्सेक, वेग २२० घ्या. गोल प्रभामंडलात जाडी ०.७३ किलोपार्सेक, क्यू ०.८५ असताना ०.६२. आता प्रभामंडल पुन्हा गोल करा आणि विखुरण ८ ऐवजी ७ धरा. जाडी ०.६४! म्हणजे सेकंदाला एका किलोमीटरची चूक आणि घनतेत जवळजवळ निम्म्याने दाबलेले प्रभामंडल, दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. या पद्धतीचा जीव विखुरणाच्या मोजमापात आहे, आणि कडेने दिसणाऱ्या दीर्घिकेत उभ्या दिशेचे विखुरण थेट दिसत नाही, ही तिची खरी अडचण. म्हणून विखुरणाला एकच आकडा न देता पट्टा द्या आणि क्यूचे उत्तर त्या पट्ट्यासह सांगा.

जाडी कोणत्या व्याख्येची आहे तेही बघा. कुणी गाऊसी विखुरण देतो, कुणी अर्ध्या उंचीवरची अर्धी रुंदी (ती १.१८ पट), कुणी पूर्ण रुंदी (२.३५ पट).

या पद्धतीत भारतात महत्त्वाचे काम झाले आहे. अरुणिमा बॅनर्जी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या चंदा जोग यांनी तारे, वायू आणि प्रभामंडल यांचे गुरुत्व एकत्र धरून उभ्या समतोलाची समीकरणे सोडवली, आणि परिभ्रमण आलेख व वायूची जाडी या दोन्हींशी एकाच वेळी जुळणारे प्रभामंडल शोधले. देवयानी दीर्घिकेसाठी २००८ मध्ये त्यांना घनतेचे गुणोत्तर ०.४ मिळाले. हे चांगलेच चपटे, सिम्युलेशनमधल्या नेहमीच्या आकड्यांच्या कडेला बसणारे. उलट यूजीसी ७३२१ या कडेने दिसणाऱ्या, अतिशय पातळ दीर्घिकेसाठी २०१० मध्ये लिन मॅथ्यूज यांच्यासह केलेल्या अभ्यासात प्रभामंडल गोल निघाले. त्याच वर्षी ओब्रायन, फ्रीमन आणि व्हॅन डर क्रुइट यांनाही त्याच दीर्घिकेसाठी स्वतंत्रपणे गोलच उत्तर मिळाले. दोन गट, दोन रीती, एकच उत्तर: या क्षेत्रात असे क्वचित घडते, म्हणून मी या दीर्घिकेला फार महत्त्व देतो. तुम्हाला ही पद्धत स्वतः लिहून तपासायची असेल तर सुरुवात तिच्यापासूनच करा.

पायरी ५ : तारकाप्रवाह, म्हणजे सर्वांत धारदार हत्यार

आपल्या आकाशगंगेच्या बाबतीत प्रवाहांना तोड नाही. एखादी बटु दीर्घिका किंवा गोलाकार तारकागुच्छ प्रभामंडलात फिरताना भरतीच्या बलाने तुटतो, आणि निसटलेले तारे त्याच्या कक्षेच्या पुढे-मागे लांब रांगेत पसरतात. प्रभामंडल गोल असेल तर ही रांग एकाच प्रतलात राहते. नसेल तर प्रतल वळत जाते, आणि किती वळले ते आकाशात प्रत्यक्ष दिसते.

धनू बटु दीर्घिका इबाटा, गिलमोर आणि अर्विन यांनी १९९४ मध्ये शोधली. तिचा प्रवाह पूर्ण आकाशाला वेढा घालतो. पण त्याने पंधरा वर्षे संशोधकांची झोप उडवली. २००४ मध्ये अमिना हेल्मी यांनी पुढच्या शेपटीचे वेग पाहून प्रभामंडल लांबट असले पाहिजे असे दाखवले. २००५ मध्ये जॉन्स्टन, लॉ आणि मजेव्स्की यांनी त्याच शेपटीच्या प्रतलाचे वळण पाहून ते चपटे असले पाहिजे असे दाखवले. दोन्ही मोजमापे योग्य, दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी! २०१० मध्ये लॉ आणि मजेव्स्की यांनी त्रिअक्षीय प्रभामंडलाने दोन्ही जुळवली. पण त्यात आकाशगंगेची तबकडी प्रभामंडलाच्या मधल्या लांबीच्या अक्षाला काटकोनात बसत होती. अशी मांडणी टिकत नाही, तबकडी तिथून घसरते, हे २०१३ मध्ये देबातिस्ता आणि सहकाऱ्यांनी दाखवले.

कोडे सुटले ते एका दुर्लक्षित पाहुण्यामुळे. मोठा मॅजेलन मेघ हा आकाशगंगेचा किरकोळ उपग्रह-दीर्घिका नाही. त्याचे वस्तुमान सुमारे १३,००० कोटी सौरवस्तुमाने आहे, आणि १०० किलोपार्सेकच्या आतल्या आकाशगंगेचे ५६,००० कोटी. एवढा जड पाहुणा जवळून जातो तेव्हा तो प्रवाहाला तर ओढतोच, आकाशगंगेचा आतला भागही स्वतःकडे खेचतो. २०२१ मध्ये वासिलिएव, बेलोकुरोव आणि एर्कल यांनी ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांसह हे सगळे एकत्र सोडवले आणि प्रवाह जुळला. त्यांच्या प्रतिकृतीत प्रभामंडलाचा आकार सगळीकडे एकच नाही. आत ते तबकडीला धरून चपटे आहे, बाहेर त्याचा आकारही बदलतो आणि दिशाही.

यातून कामाची शिकवण अशी: ३० किलोपार्सेकच्या पलीकडच्या कोणत्याही प्रवाहासाठी मॅजेलन मेघ धरल्याशिवाय क्यू काढू नका. सुरुवातीला आतले प्रवाह घ्या. जीडी-१ हा २००६ मध्ये सापडलेला, सुईसारखा बारीक प्रवाह उत्तम. तो आणि पॅलोमार ५ या तारकागुच्छाचा प्रवाह यांवरून बोव्ही आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रभामंडलाच्या घनतेचे गुणोत्तर १.०५ काढले, त्रुटी ०.१४. म्हणजे आकाशगंगेचा आतला २० किलोपार्सेकचा भाग जवळजवळ गोल.

कृती अशी. गायाच्या तिसऱ्या माहितीसंचातून प्रवाहातल्या ताऱ्यांच्या जागा आणि स्वगती (आकाशातले सरकणे) घ्या. गॅलपायमध्ये मध्यफुगा, तबकडी आणि त्रिअक्षीय प्रभामंडल बसवा. आधी एका ताऱ्याची कक्षा मागे-पुढे चालवून क्यू बदलल्यावर आकाशातला मार्ग किती हलतो ते पाहा. मग ‘स्प्रे’ पद्धतीने, म्हणजे गुच्छाच्या आतल्या आणि बाहेरच्या लॅग्रांज बिंदूंतून (जिथून तारे गुच्छाच्या पकडीतून सुटतात) ठरावीक काळाने तारे सोडत, पूर्ण प्रवाह तयार करा. प्रवाह कक्षेच्या रेषेवर नेमका बसत नाही, त्यामुळे नुसत्या कक्षेवरून काढलेला क्यू हा पहिला अंदाज म्हणूनच वापरा. तबकडीचे वस्तुमान मोकळे ठेवा, कारण १५ किलोपार्सेकच्या आत तबकडीही उभे गुरुत्व देते आणि जड तबकडी चपट्या प्रभामंडलाची नक्कल करते.

पायरी ६ : दंड असेल तर प्रभामंडलाची फिरकीही विचारात घ्या

१९७३ मध्ये ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी काही शे कणांच्या सिम्युलेशनमधून दाखवले की एकटी, थंड तबकडी टिकत नाही, तिच्यात लगेच दंड (ताऱ्यांचा मध्यातून जाणारा लांबट पट्टा) तयार होतो. परिभ्रमणाची गतिज ऊर्जा गुरुत्वीय ऊर्जेच्या ०.१४ पटीहून जास्त झाली की तबकडी अस्थिर. उपाय म्हणून त्यांनी मोठे प्रभामंडल सुचवले. पण त्यांचे प्रभामंडल स्थिर, न हलणारे होते. २००२ मध्ये लिया अथानासुला यांनी जिवंत प्रभामंडल घातले आणि चित्र उलटले: प्रभामंडलातले कण अनुनादांच्या ठिकाणी दंडाकडून कोनीय संवेग शोषतात, आणि दंड आणखी बळकट होतो. २०१३ मध्ये कनक साहा आणि थॉर्स्टेन नाब यांनी प्रभामंडल स्वतः फिरत असेल तर दंड लवकर उगवतो हेही दाखवले.

दंडावरून प्रभामंडलाबद्दल काही काढायचे असेल तर एक गुणोत्तर पुरे: सहपरिभ्रमण त्रिज्या (जिथे तारे दंडाइतक्याच कोनीय वेगाने फिरतात) भागिले दंडाची लांबी. ते १ ते १.४ असेल तर दंड जलद, जास्त असेल तर मंद. देबातिस्ता आणि सेलवुड यांनी १९९८ मध्ये मांडले की मध्यभागी दाट प्रभामंडल गतिक घर्षणाने (गुरुत्वाच्या ओढीने होणाऱ्या अडथळ्याने) दंडाला लवकर मंद करते. म्हणून जलद दंड दिसला तर तिथे मध्यभागी कृष्णद्रव्य फार दाट नसावे, असा संकेत घ्या. संकेतच. वायू, दंडाचे वय आणि प्रभामंडलाची फिरकी हे सगळे त्यात मिसळलेले असते.

ध्रुवीय वलये आणि प्रतलातली लंबवर्तुळे

एनजीसी ४६५०ए सारख्या मोजक्या दीर्घिकांत एक तबकडी आडवी आणि दुसरे वलय तिला जवळजवळ काटकोनात असते. दोन काटकोनी प्रतलांतले वेग एकाच वेळी मोजता आले की क्यू सरळ समोर यायला हवा. पण वलयातली कक्षा चपट्या विभवात वर्तुळ राहत नाही, लंबवर्तुळ होते, आणि आपल्याला नेमका तिचा संथ किंवा वेगवान भागच दिसतो. त्यामुळे त्याच दीर्घिकेसाठी वेगवेगळ्या गटांना फार वेगळी उत्तरे मिळाली आहेत. पहिल्या प्रकल्पासाठी या दीर्घिका निवडू नका.

आडव्या प्रतलातली लंबवर्तुळाकारता मात्र सोपी आहे. वेगाच्या नकाशावर गोल फिरताना वेगाचे विचलन कोनाच्या कोणत्या पटीत बदलते ते फूरिये विश्लेषणाने पाहतात. आयसी २००६ भोवतीच्या वायूच्या वलयावर फ्रँक्स, व्हॅन गॉर्कम आणि द झेऊ यांनी १९९४ मध्ये हे केले, आणि प्रतलातले विभव जवळजवळ वर्तुळाकार निघाले. फक्त थंड कृष्णद्रव्याची सिम्युलेशने आकाशगंगेएवढ्या प्रभामंडलांना आखूड-लांब अक्षांचे गुणोत्तर साधारण ०.६ देतात. त्यात वायू थंड होऊन मध्यभागी साचला की प्रभामंडले बरीच गोल होतात. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळत असतील तरीही मध्यभाग गोल होतो. म्हणून गोल उत्तर आले की लगेच नव्या कणांकडे धाव घेऊ नका, आधी साध्या वायूचा आणि ताऱ्यांचा हिशेब पुरा करा.

निकाल लिहिताना

क्यूचा आकडा एकटा कधीच लिहू नका. तो विभवाचा की घनतेचा, किती ते किती त्रिज्येसाठी, अंतर काय धरले, तबकडीचे वस्तुमान मोकळे ठेवले की बांधले, वायूच्या पद्धतीत विखुरणाचा पट्टा कोणता, आणि प्रवाहाच्या पद्धतीत मॅजेलन मेघ धरला की नाही, एवढे शेजारी द्या. क्यू आणि तबकडीचे वस्तुमान यांचा जोड-आलेखही द्या. त्यात तिरका, लांब पट्टा दिसला तर तुमचे मोजमाप त्या दोघांना वेगळे करू शकत नाही, आणि मग त्याच दीर्घिकेसाठी दुसऱ्या त्रिज्येवरचे, दुसऱ्या पद्धतीचे मोजमाप शोधायला लागा. जीएमआरटीच्या संग्रहात जुनी निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत. तुम्हाला हवी ती कडेने दिसणारी दीर्घिका तिथे आधीच कुणी पाहून ठेवली आहे का, हे पहिल्यांदा तपासा.